चारही डिस्क निर्दोष निघाल्या: ‘गोदा’ पूलची अकरावी नोंद

काल पहाटे पावणेतीनला माझ्या घरच्या संगणकातल्या ‘गोदा’ या झेडएफएस पूलचा (एकत्र बांधलेल्या डिस्कच्या साठ्याचा) स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून केलेली तपासणी, संपला आणि सहाही डिस्कपुढे सीकेसमच्या रकान्यात, म्हणजे चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) न जुळल्याच्या मोजणीत, शून्य उमटले. गेले पाच आठवडे मी या शून्याची वाट पाहत होते, त्यामुळे ‘झेडपूल स्टेटस’ ही पूलची स्थिती दाखवणारी आज्ञा पुन्हा एकदा देऊन तेच आकडे दुसऱ्यांदा वाचले आणि मगच झोपले. मागच्या नोंदीत तिसरी डिस्क दोषी ठरवून ती बदलल्याचे मी मोठ्या थाटात लिहिले होते, ते विधान आज मागे घेते. ती डिस्क निर्दोष होती, तिच्या शेजारच्या तिघीही निर्दोष होत्या, आणि नव्या डिस्कवर घातलेले पैसे हा माझ्या उतावळेपणाचा दंड होता.

मांडणी जुन्या वाचकांना ठाऊक आहेच: ४ टीबीच्या सहा डिस्क, रेड-झेड२ (पॅरिटी या जादा माहितीच्या आधारे दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी झेडएफएसची मांडणी), सुमारे ९ टीबी डेटा. मदरबोर्डावर साटाची चारच पोर्ट आहेत. त्यांतले एक बूटच्या एसएसडीने अडवले आहे आणि एम.२ स्लॉटमध्ये कॅशसाठी लावलेल्या एसएसडीमुळे चौथे आपोआप बंद होते. म्हणून दोन डिस्क बोर्डावर, आणि उरलेल्या चार आयटी मोडमधल्या (डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या) जुन्या एचबीए, म्हणजे जादा डिस्क जोडण्याच्या, कार्डावर, एकाच जोडणीतून फुटणाऱ्या चौपदरी केबलने.

डिस्क बदलून रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणे) पूर्ण झाल्यावर केलेल्या स्क्रबमध्ये कार्डावरच्या चार डिस्कपुढे ४१, ३७, ४४ आणि ३९ असे आकडे आले, तर बोर्डावरच्या दोन डिस्कपुढे प्रत्येकी ३. रीड आणि राइटचे रकाने पूर्ण कोरे. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीत, खराब जागा मोजणारे ५, १९७ आणि १९८ हे तिन्ही गुणधर्म शून्यावर, आणि केबलचा दोष दाखवणारा १९९ सुद्धा शून्यावर. खाली मात्र कायमच्या बिघाडाच्या यादीत एका फाइलचे नाव होते: नाशिकमधल्या तिवंध्याच्या रहाडीचे (रंगाच्या हौदाचे) रंगपंचमीचे चित्रण. रहाड उघडतानाची पूजा आणि रंगात पडलेली पहिली उडी त्यात आहे, आणि त्या उडीत माझे सासरेही आहेत. आकडे जपून वाचायचे तर माणसाने शांत असावे लागते, आणि ते नाव वाचल्यावर मी शांत नव्हते.

माझी पहिली चूक त्या दोन तिन्यांपाशी झाली. सहाही डिस्कवर दोष दिसतो म्हणजे तो सहाही डिस्कच्या वाटेवर असलेल्या एखाद्या भागात असणार, असा सरळ तर्क मी केला आणि रॅमच्या मागे लागले. माझ्या बोर्डात ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम चालत नाही, त्यामुळे मनात आधीपासून थोडी अपराधी भावना होतीच. चार रात्री मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला. एकही दोष नाही. मग रॅमच्या पट्ट्या आलटूनपालटून एकेक लावून पाहिल्या, भाच्याच्या संगणकातला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दोन दिवस उसना आणला, आणि शेवटी चौपदरी केबल नवी घेतली. एम. जी. रोडवरच्या ज्या दुकानदाराकडून मी नेहमी सामान घेते, त्याने दोन केबली काऊंटरवर ठेवल्या आणि स्वस्तातली स्वतःच बाजूला सरकवत म्हणाला, “ताई, ही नका घेऊ. हिची क्लिप आठ दिवसांत सैल होते, मग तुम्ही मलाच बोलणार.” ऑनलाइन खरेदीत चार पैसे वाचतात, पण असे वाक्य तिथे मिळत नाही. केबल उत्तम निघाली. दोष जिथल्या तिथे राहिला.

केबलवर मी संशय घ्यायलाच नको होता. साटाच्या तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) सीआरसीचे, म्हणजे वाटेतली चूक पकडणाऱ्या आकड्याचे, संरक्षण असते. तारेत काही बिघडले तर १९९ वाढतो आणि फ्रेम पुन्हा पाठवली जाते. पण हा पहारा तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच असतो. डिस्कने योग्य पाठवलेला डेटा तारेतून सुखरूप बाहेर पडून कार्डाच्या पोटात नासला, तर सीआरसीला त्याचा पत्ता लागत नाही. झेडएफएसला तो लागतो, कारण त्याचा चेकसम ब्लॉकच्या शेजारी ठेवलेला नसतो. तो वरच्या ब्लॉकमधल्या पॉइंटरमध्ये असतो: १२८ बाइटचा पॉइंटर आणि त्यात २५६ बिटचा चेकसम. त्या वरच्या ब्लॉकचा चेकसम त्याच्याही वर, असे करत ही साखळी थेट उबरब्लॉकपर्यंत, म्हणजे पूलच्या सर्वांत वरच्या ब्लॉकपर्यंत, जाते. त्यामुळे डिस्कने चुकीच्या जागेचा पण आतून सुसंगत असलेला ब्लॉक आणून दिला, किंवा ‘लिहिले’ असे सांगून प्रत्यक्षात लिहिलेच नाही, तरी लबाडी उघडी पडते. २००५ साली सन मायक्रोसिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

तरीही डेटा चुकीचा आहे हे चेकसम सांगतो. चूक कोणाची हे तो सांगत नाही. रेड-झेडमध्ये चेकसम संपूर्ण ब्लॉकचा असतो, एकेका डिस्कवरच्या तुकड्याचा नसतो. चेकसम जुळला नाही की झेडएफएस एखादी डिस्क खोटी बोलते आहे असे गृहीत धरून बाकीच्यांवरून तिचा तुकडा पॅरिटीने काढतो आणि चेकसम पुन्हा तपासतो. नाही जुळला तर दुसरी डिस्क, मग दोन-दोनच्या जोड्या. ज्या गृहीतकावर चेकसम जुळतो त्यातल्या डिस्कच्या नावावर दोष टाकला जातो आणि तिच्यावर दुरुस्त तुकडा जागच्या जागी लिहिला जातो. वाटेतले कार्ड बिघडले असले तरी त्याच्या नावाचा रकाना कुठेच नाही. आळ येतो तो डिस्कवर.

हे कागदावर समजत होते, पण बोर्डावरच्या त्या तिन्यांचा उलगडा होत नव्हता. तो एका रविवारी सकाळी, पोहे खाता खाता केलेल्या प्रयोगातून झाला. एकेक जीबीच्या सहा फाइली तयार केल्या, त्यांचाच रेड-झेड२ पूल बांधला, त्यात काही छायाचित्रे टाकली आणि त्यांचे एमडी५ (फाइलीच्या आशयावरून काढलेले ठसे) नोंदवून ठेवले. मग ‘डीडी’ या आज्ञेने पहिल्या दोन फाइलींत, सुरुवातीची लेबले सोडून, मधल्या भागात कचरा भरला. (तिचा ‘नोट्रंक’ हा पर्याय विसरू नका, नाहीतर फाइलच आखूड होते आणि प्रयोग भलतीकडे जातो.) पूल एक्सपोर्ट करून पुन्हा इम्पोर्ट केला, स्क्रब दिला: सगळे दुरुस्त, एमडी५ जसेच्या तसे. मग नवा पूल बांधून तीन फाइली त्याच जागी बिघडवल्या. अपेक्षेप्रमाणे छायाचित्रे गेली, पण सीकेसमच्या रकान्यात तीन ऐवजी सहाही फाइलींपुढे आकडे उभे राहिले. म्हणजे जेव्हा कोणतीच जोडी जुळत नाही आणि ब्लॉक परत उभा करता येत नाही, तेव्हा झेडएफएस त्या ब्लॉकमध्ये वाटा असलेल्या सगळ्यांवरच संशयाची नोंद करतो. माझ्या बोर्डावरच्या दोन डिस्कपुढचे ३ हे त्यांचे दोष नव्हतेच. ते तीन अनाथ ब्लॉकांचे सामायिक आरोप होते, आणि ते तिन्ही ब्लॉक रहाडीच्या फाइलीतले होते. ते वजा केले की बोर्डाच्या बाजूला शून्य राहते. पाच ओळींच्या या प्रयोगाआधी मी चार रात्री मेमटेस्टला वाहिल्या होत्या.

हात ओला होता म्हणून हाच खेळ एमडी रेड-६ वरही, म्हणजे लिनक्सच्या चेकसम नसलेल्या दोन-पॅरिटी मांडणीवरही, करून पाहिला. एकाच सदस्यावर कचरा टाकल्यावर ‘चेक’ने विसंगती मोजून दाखवली, आणि ‘रिपेअर’ने डेटाचे तुकडे खरे मानून दोन्ही पॅरिटी त्यांच्यावरून नव्याने लिहिल्या; म्हणजे नासलेल्या छायाचित्रावर शिक्कामोर्तब झाले. दोन पॅरिटींच्या गणितातून एक खोटा सदस्य शोधता येतो हे खरे, पण एमडी ते आपणहून करत नाही. ‘रेड-६ आहे, मग चेकसम कशाला?’ असे विचारणाऱ्या मित्रांना हा प्रयोग घरी करून पाहण्याची विनंती आहे.

आता संशय कार्डावर आला, पण तो तपासायचा कसा हा पेच होता. स्क्रब देणे म्हणजे बिघडलेल्या वाटेनेच दुरुस्ती लिहिणे; डिस्कवर चांगला असलेला तुकडा केवळ वाचताना नासला म्हणून त्याच्यावर पुन्हा लिहायचे, आणि तेही त्याच कार्डातून. म्हणून कॅशची एसएसडी आधी पूलमधून काढली आणि पूल ‘रीडओन्ली’ इम्पोर्ट केला. अशा पूलवर स्क्रब चालत नाही, पण नुसते वाचन केले तरी प्रत्येक ब्लॉकचा चेकसम तपासला जातो आणि डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. पॅरिटी या वाचनात तपासली जात नाही, पण मला दोष पकडायचा होता, दुरुस्त करायचा नव्हता. ‘टार’ या फाइली एकत्र बांधणाऱ्या आज्ञेने सगळा डेटा डेव्ह-नलकडे, म्हणजे आलेले सगळे टाकून देणाऱ्या वाटेकडे, पाठवला आणि चार मिनिटांत काम संपून एकही दोष आला नाही, तेव्हा मी क्षणभर हरखले. मग आठवले की बाहेर जाणारी वाट डेव्ह-नल आहे असे दिसले की जीएनयू टार फाइली वाचण्याचे कष्टच घेत नाही. मध्ये ‘कॅट’चा पाइप घातल्यावर खरे वाचन सुरू झाले.

पहिले दीड तास स्वच्छ गेले, आणि नंतर दोष पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे तुरळक पडू लागले, ते फक्त कार्डावरच्या चौघींवर. तीच चाचणी रात्री दोनला सुरू केली तेव्हा सकाळपर्यंत एकच दोष. आमची संगणकाची खोली स्लॅबखाली आहे, आणि मे महिन्यातल्या नाशिकच्या दुपारी तिथे पंख्याखालीही बसवत नाही. मल्टिमीटरचा तापमानाचा प्रोब कार्डाच्या हीटसिंकला टेकवला तर ९१ अंश. ही कार्डे मूळची सर्व्हरसाठी घडवलेली. तिथे पुढून पाठीमागे वाऱ्याचा झोत सतत चालू असतो हे त्यांच्या रचनेत गृहीतच धरलेले असते. माझ्या कॅबिनेटात डिस्कवर दोन पंखे होते आणि कार्ड तळाशी कोपऱ्यात गुदमरत होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कॅबिनेटचे दार काढून स्वयंपाकघरातला टेबलफॅन थेट कार्डावर सोडला. अर्ध्या तासाने सासूबाई दारात उभ्या. “पंखा कुठे नेलास गं? इकडे पोळ्या लाटताना घाम पुसायला हात मोकळा नाही.” खोलीत डोकावून त्यांनी पंखा कोणाला वारा घालतो आहे हे पाहिले आणि एक शब्दही न बोलता परत गेल्या. ती शांतता मला भोवणार हे उघड होते. पण साडेपाच तासांचे वाचन एकाही दोषाशिवाय पार पडले. पंखा बंद केल्यावर पन्नास मिनिटांत पहिला दोष आला आणि पुन्हा लावल्यावर थांबला. इतका स्वच्छ पुरावा या छंदात वर्षातून एकदा मिळतो.

कार्ड काढून हीटसिंक उचकटला तेव्हा खालची थर्मल पेस्ट खडूच्या भुकटीसारखी गळून पडली. विक्रेत्याने हे कार्ड ‘नवे, न वापरलेले’ म्हणून विकले होते. त्या दाव्यावर यापेक्षा अधिक लिहीत नाही. जुनी कार्डे घेणाऱ्यांनी पेस्ट पहिल्याच दिवशी बदलावी, आणि ४० मिलिमीटरचा एक पंखा हीटसिंकवर स्क्रूने आवळून टाकावा. मी तेच केले. आता भर दुपारी हीटसिंक ५८ अंशांवर थांबतो आणि टेबलफॅन सन्मानाने स्वयंपाकघरात परतला आहे.

रहाडीची फाइल थंड कार्डातून पहिल्याच फटक्यात उघडली. पुण्याला नणंदेकडे ठेवलेल्या बॅकअप डिस्कवरच्या प्रतीचा एमडी५ तिच्याकडून फोनवर मागवला. तिने बत्तीस अक्षरे चार-चारच्या गटांत वाचली आणि मी पेन्सिलीने टिपली. सगळी जुळली. म्हणजे ‘कायमचा’ बिघाड डिस्कवर कधी उतरलाच नव्हता. तीन किंवा चार तुकडे एकाच वेळी वाटेत नासल्यामुळे दोन पॅरिटी अपुऱ्या पडल्या, इतकेच. फाइलीचे नाव यादीतून लगेच गेले नाही, कारण ती यादी मागच्या स्क्रबची नोंदही सांभाळते. परवाचा स्क्रब निर्दोष असूनही ते तिथेच होते, कालच्यानंतर गेले.

पुढचे काम म्हणून मी नवे, कमी तापणारे कार्ड घेण्याचे ठरवले होते आणि ही नोंद तिथेच संपणार होती. पण वरचा परिच्छेद लिहितानाच लक्षात आले की प्रश्न कार्डाच्या वयाचा नाही. रेड-झेड२ दोन डिस्कचे नुकसान सोसतो हे मी डिस्क मोजून म्हणत होते. एका कार्डावर चार डिस्क टांगल्या की ते कार्ड कितीही नवे असले तरी एका फटक्यात चार जातात. २००८ साली १५.३ लाख डिस्कवरच्या ४१ महिन्यांच्या नोंदींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. चेकसम न जुळण्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग त्यात नोंदले आहेत, आणि एकाच यंत्रणेतल्या वेगवेगळ्या डिस्कवरचे हे प्रसंग एकमेकांपासून स्वतंत्र नसतात असे त्यात म्हटले आहे. तो मी दोन वर्षांपूर्वी वाचला होता आणि तरीही चार डिस्क एका केबलवर लावल्या होत्या.

त्यामुळे बेत बदलला. महाग कार्ड रद्द. दोन डिस्क बोर्डावरच राहतील, दोन सध्याच्या कार्डावर, आणि दोन एखाद्या साध्या दोन पोर्टांच्या साटा कार्डावर, जे दुसऱ्या स्लॉटमध्ये बसेल. मग यांपैकी कोणतीही एक वाट बिघडली तरी ब्लॉक परत उभा करता येईल. कॅशची एसएसडी आता परत लावणारच नाही. तिचा उपयोग मला कधी जाणवला नव्हता, आणि तिच्या जाण्याने बोर्डावरचे चौथे पोर्ट जिवंत होईल. ते हॉट स्पेअरला (डिस्क बिघडली तर तिची जागा घेणाऱ्या राखीव डिस्कला) द्यावे, की बूटच्या एसएसडीचा आरसा (जुळी प्रत) करावा, यावर मन अजून डोलते आहे. ज्यांनी दोन्ही करून पाहिले असेल त्यांनी लिहावे. मी घाईने काढलेली ती तिसरी डिस्क कपाटात पडून आहे, आणि स्पेअर ठरलाच तर तीच लागेल. शनिवारी एम. जी. रोडला जाऊन दोन पोर्टांचे कार्ड पाहून येते. येताना सासूबाईंसाठी एक टेबलफॅन आणायचा आहे.