कूलर बंद झाला आणि टाकी घोरायला लागली

मे महिनाभर मी समजत होतो की माझी माशांची टाकी शांत आहे. खरं तर कूलर इतका ओरडत होता की तिचा आवाज ऐकूच येत नव्हता. मृग लागला, दोन सरी पडल्या, कूलर बंद केला आणि त्याच रात्री हॉलमधून आईची हाक आली, "काऊन रे, हे काय गुडगुड करून राह्यलं? कोणी हुक्का ओढते का घरात?"

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. गोड्या पाण्याची टाकी, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खाली कपाटात ३० × १२ × १५ इंचांचा संप, म्हणजे वरचं पाणी जिथे उतरतं आणि जिथून पंप ते परत वर पाठवतो ती छोटी टाकी. मागच्या कोपऱ्यात काचेचा ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे टाकीतून ओसंडणारं पाणी ज्यात पडतं तो कप्पा, त्याच्या तळाला दोन भोकं. एकातून १ इंची ड्रेनचा पाइप खाली संपात, दुसऱ्यातून रिटर्न, म्हणजे पंपाचा परतीचा पाइप, वर. पंपाच्या डब्यावर ताशी २००० लिटर लिहिलंय, पण वर टाकीशी धरलेली १० लिटरची बादली ३२ सेकंदांत भरली. म्हणजे ताशी ११२५ लिटर. उंचीनं बाकीचं खाल्लं.

ड्रेनवर डर्सो होता, आवाज कमी करायला लावतात ती पाइपाची उभी जोडणी. टी, एल्बो आणि वरच्या टोपणाला हवेचं बारीक भोक. आठवडाभर मी त्या भोकाशी खेळलो. मोठं केलं की पाणी पाइपात धबधब्यासारखं आपटतं. टेप लावून लहान केलं की पाइप अचानक सायफन पकडतो, म्हणजे पाण्यानं गच्च भरून जोरानं ओढायला लागतो, बॉक्स चोखून रिकामा करतो, हवा गिळतो आणि सुटतो. दर ४० सेकंदांनी कमोड फ्लश केल्यासारखा आवाज. मधला बिंदू सापडतो, पण पंपावर थोडं शेवाळ धरलं की तो सरकतो. पाणी आणि हवा एकाच पाइपातून उतरतायत तोवर हे असंच चालणार, म्हणून डर्सोचा नाद सोडला.

हर्बी नावाची दोन पाइपांची रचना करायचं ठरवलं. एक पाइप पूर्ण पाण्यानं भरलेला, खाली व्हॉल्व्हनं आवळलेला, आत हवाच नाही. दुसरा उंच, कोरडा, फक्त संकटासाठी. दोन भोकं होतीच, रिटर्न तेवढा काठावरून आणायचा होता.

व्हॉल्व्हसाठी नागपूरची इतवारी बाजारपेठ पालथी घातली. बारीक ॲडजस्टमेंटला गेट व्हॉल्व्ह हवा, पण तीन दुकानांत मिळाला तो पितळेचा. पितळेत तांबं असतं आणि माझ्याकडे झिंगे आहेत, त्यांना ते सोसत नाही. शेवटी प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह घेतला. दुकानदार म्हणाला, "बाथरूमले लावता का बगिच्याले?" माशांच्या टाकीला म्हटल्यावर त्यानं वर पाहिलं आणि काही न बोलता सोल्युशनची डबी पुढे सरकवली. बॉल व्हॉल्व्ह केसभर हलवला तरी पाणी बोटभर सरकतं, म्हणून त्याच्या दांडीला फूटभर लाकडी पट्टी बांधली. पट्टीचं टोक सेंटिमीटरभर सरकवा, व्हॉल्व्ह कणभर फिरतो. दिसतं भिकार, चालतं उत्तम.

पहिल्या दिवशी सायफन सुरूच होईना. ड्रेनचं टोक मी संपात १५ सेंटिमीटर बुडवलं होतं, त्यामुळे अडकलेल्या हवेला बाहेर पडायला जोरच मिळत नव्हता. करवतीनं कापून अडीच सेंटिमीटर बुडेल इतकंच ठेवलं. मिनिटभरात पाइप भरला आणि खोलीत इतकी शांतता झाली की पंप बंद पडला की काय म्हणून हात लावून पाहिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वादळ आलं, लाइट गेली. मी बाहेर होतो. खालच्या काकूंचा फोन, "अहो, आमच्या किचनच्या स्लॅबमधून पाणी टपकून राह्यलं."

चूक माझीच. काठावरून आणलेल्या रिटर्नचं तोंड मी पाण्यात १० सेंटिमीटर खाली ठेवलं होतं, प्रवाह छान दिसतो म्हणून. पंप थांबताच तोच पाइप उलटा सायफन झाला. या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेपाच लिटर. दहा सेंटिमीटरचे ५५, बॉक्स आणि पाइपांतले चारेक. संपात रिकामी जागा ३२ लिटरची. उरलेले २५ लिटरच्या वर फरशीवर, आणि कपाटाच्या तळाशी एक्स्टेंशन बोर्ड. लाइट गेलेली होती म्हणून वाचलो. बोर्ड आता भिंतीवर उंच आहे आणि प्रत्येक वायरला खाली झोळ दिलाय, पाणी ओघळलं तरी झोळाच्या तळाशीच गळेल. काकूंकडे पुरणपोळ्या घेऊन गेलो. त्यांनी घेतल्या, पण स्लॅबकडे बोट दाखवूनच.

आता तोंड पृष्ठभागाखाली दीड सेंटिमीटरवर आहे, शिवाय पाइपाला पाण्याच्या लगेच खाली ५ मिलिमीटरचं भोक. त्यातून हवा शिरली की सायफन तुटतो. गोगलगाई त्यात बसतात, म्हणून दर रविवारी टूथपिक फिरवतो. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा असं दोघांनी सुचवलं. लावा, पण त्यावर घर सोडून जाऊ नका, तो अडकायला वाळूचा एक कण पुरतो. स्विच तीनदा बंद करून पाहिला. संप आठ सेंटिमीटर चढतो, वर सहा शिल्लक राहतात.

उलटी परीक्षाही घेतली. मुख्य ड्रेनवर तळहात ठेवला, कोरड्या पाइपानं सगळं पाणी उचललं. मग दोन्ही बंद. पंपानं संपातल्या आपल्या, म्हणजे रिटर्नच्या, कप्प्यातलं १२ लिटर वर फेकलं आणि कोरडा होऊन खरखरला. टाकी दोन सेंटिमीटर चढली, काठाला साडेतीन होते. उन्हाळ्यात मी तो कप्पा काठोकाठ भरायचो, उडणाऱ्या पाण्याची भरपाई म्हणून. आता त्यावर मार्करनं रेघ मारलीय, तिच्या वर पाणी नाही.

कोरड्या पाइपाचं खालचं टोक मुद्दाम पाण्याच्या चार बोटं वर सोडलंय. त्यात पाणी आलं की आवाज व्हायलाच हवा.

काल रात्री अडीचला लाइट गेली, दहा मिनिटांनी आली. तो पाइप वीस-पंचवीस सेकंद धोधो कोसळला, मग गप्प. मी कुशीवर वळलो. सकाळी चहा देताना आई म्हणाली, "रात्री तुझी टाकी खोकली बाप्पा. औषध देऊन टाक."