टर्नटेबल हळू का फिरत होतं

जुनं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, हळू फिरतंय म्हटलं की ऐकणारा लगेच सांगतो, रबरी चाक बदला. मलाही हाच सल्ला मिळाला होता. पण मी चाक बदललं नाही, मूळचंच चाक आजही त्यात आहे आणि वेग अगदी बरोबर आहे. दोष भलतीकडेच होता. तो कसा सापडला ते सविस्तर लिहितो, कारण अशी चांगली यंत्रं केवळ चुकीच्या निदानामुळे अडगळीत जातात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

माझं यंत्र १९६०च्या दशकातलं, आयडलर पद्धतीचं. बेल्टवाल्या टर्नटेबलात मोटर आणि प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) यांच्यामध्ये पट्टा असतो, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर थेट मोटरवरच बसतो. आयडलरमध्ये मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची पुली असते. तिला रबरी चाक टेकतं, आणि तेच चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला घासून त्याला फिरवतं. गॅरार्डचं १९५४ सालचं ३०१ हे प्रसिद्ध मॉडेल याच पद्धतीचं. वेग बदलायचा म्हणजे चाक पुलीच्या दुसऱ्या पायरीवर सरकवायचं.

तक्रारी तीन होत्या. वेग कमी आणि डळमळता. स्पीकरमधून खोल घरघर. आणि डावी बाजू जवळपास मुकी, वर तिच्यात सतत हम, म्हणजे विजेची गुणगुण. तिन्हींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही, म्हणून एकेक तक्रार वेगळी घेतली आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं.

वीज जोडण्याआधी मात्र तळाची पाटी उघडली. इतक्या जुन्या यंत्राचा प्लग तपासल्याशिवाय सॉकेटमध्ये घालू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. व्होल्टेज निवडायची पट्टी कुठल्या खुणेवर आहे ते पाहिलं. प्लगच्या पिना आणि धातूचा सांगाडा यांच्यात मल्टिमीटर लावून गळती नाही याची खात्री केली. मेन्सची वायर कडक होऊन तडकली होती, ती बदलली. स्विचवर समांतर जोडलेला एक छोटा कपॅसिटर असतो. बंद करताना स्विचमध्ये ठिणगी पडून स्पीकरमध्ये 'फट्' होऊ नये म्हणून तो लावतात. माझ्या यंत्रातला कागदी होता आणि त्याच्या आवरणाला भेगा गेल्या होत्या. अशा भेगांतून दमट हवा शिरते आणि मग तो शॉर्ट होऊन धूर काढतो. त्याच मूल्याचा, पण मेन्सवर चालण्यासाठी बनवलेला एक्स-२ वर्गाचा नवा कपॅसिटर लावला.

आता वेग. इथे थोडं गणित केलं तर बराच खर्च वाचतो. चार ध्रुवांच्या मोटरचा ५० हर्ट्झवर सिंक्रोनस वेग (विजेच्या आवर्तनांशी जुळणारा) मिनिटाला १५०० फेरे. प्लॅटर हवा ३३ १/३ फेऱ्यांनी. म्हणजे वेग ४५ पटीने उतरवायचा. माझ्या प्लॅटरच्या आतल्या कडेचा व्यास २७० मिमी, त्याला ४५ने भागलं की ६ मिमी. पुलीची ३३ची पायरी मोजली तर ६ मिमीपेक्षा केसभर जास्त भरली. ते बरोबरच आहे, कारण इंडक्शन मोटर १५००पेक्षा थोडी कमीच फिरते. ६० हर्ट्झच्या देशासाठी बनवलेली पुली असती तर ती पायरी ५ मिमीच्या आसपास निघाली असती आणि प्लॅटर आपल्या ५० हर्ट्झवर २७.८ फेऱ्यांनी फिरला असता. बाहेरून आलेल्या यंत्रात हे हमखास तपासावं. माझी पुली योग्य होती.

या गणितात रबरी चाकाचा व्यास कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. चाक मधलं आहे. पुलीच्या कडेचा वेग ते जसाच्या तसा प्लॅटरच्या कडेला पोचवतं, मग ते ४५ मिमीचं असो की झिजून ४४ झालेलं असो. चाक झिजलं म्हणून वेग उतरत नाही. चाक घसरत असेल तरच उतरतो. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरला की चाक घसरतंय, की मोटरच दमतेय?

वेग मोजायला स्ट्रोब चकती, म्हणजे कडेला सारख्या अंतरावर रेघा आखलेली चकती, घेतली. ५० हर्ट्झवर चालणारा जुना तारेचा किंवा निऑनचा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, आणि त्या उजेडात ३३ १/३ वर १८० रेघांची चकती स्थिर दिसते. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली ही युक्ती चालत नाही, कारण त्यांचा उजेड तसा लुकलुकत नाही. रेघा मागे सरकल्या तर वेग कमी. मिनिटाला ६० रेघा मागे गेल्या तर चूक १ टक्का. संगीतात अर्धा स्वर म्हणजे जवळपास ६ टक्के, तेव्हा १ टक्का कमी असला तर एरवी कळणारही नाही. पण रेकॉर्डबरोबर पेटी लावून बसलात तर लगेच खटकेल. माझ्या रेघा थंड यंत्रावर भराभर मागे पळत होत्या, यंत्र तापल्यावर सावकाश, पण थांबत मात्र नव्हत्या.

यंत्र तापल्यावर वेग सुधारतो, ही खूण फार मोलाची आहे. पुली चुकीची असेल तर चूक थंडगरम सारखीच राहते. वेग तापल्यावर वाढतो तेव्हा कुठेतरी वंगण घट्ट झालंय असं समजावं. पडताळा म्हणून प्लॅटर फिरत असताना त्याच्या कडेला बोट हलकेच टेकवलं आणि कान मोटरकडे दिला. चाक घसरत असतं तर प्लॅटर मंदावला असता आणि मोटरची गुणगुण आहे त्याच पट्टीत राहिली असती. इथे प्लॅटरबरोबर गुणगुणही खाली बसली. मग चाक बाजूला करून मोटर एकटी चालवली आणि बंद केली. सेकंद-दोन सेकंदांत ती अडकल्यासारखी थांबली. निरोगी मोटर बंद केल्यावरही निवांत फिरत राहते.

मोटर उघडण्याआधी दोन्ही झाकणं आणि मधला लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा यांवर पेन्सिलने एक सलग रेघ ओढली, म्हणजे परत जोडताना सगळं होतं त्याच जागी येतं. आत दोन्ही टोकांना सच्छिद्र ब्राँझचे बुश असतात, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो ती कडी. ते तेल शोषून ठेवतात आणि त्यांच्याभोवतीची फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) चकती त्यांना पुरवठा करते. माझी फेल्ट कोरडी ठणठणीत होती आणि दांड्यावर जुनं तेल वाळलेल्या डिंकासारखं पिवळट, चिकट होऊन बसलं होतं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने दांडा चकचकीत होईपर्यंत पुसला. बुशची भोकं लाकडी काडीला कापड गुंडाळून साफ केली, आत धातूचं काही घातलं नाही. मग बुश कोमट तेलात ठेवून दिले. त्यांतून बारीक बुडबुडे येत राहतात आणि ते थांबले की तेल आत मुरलं असं समजायचं. तेल डिटर्जंट नसलेलं, हलकं टर्बाइन तेल. मोटारगाडीच्या इंजिनाचं तेल इथे नको, त्यातली मिसळणद्रव्यं बुशची छिद्रं बुजवतात. गंज सोडवायचे स्प्रे तर नकोच नको.

जोडल्यावर दांडा हाताने फिरवला तर तो किंचित जड लागला. ते अपेक्षितच होतं. हे बुश गोल बैठकीत बसलेले असतात आणि स्वतःला सरळ करून घेतात, फक्त त्यांना निमित्त द्यावं लागतं. मोटर चालू ठेवून झाकणावर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने चहूबाजूंनी हलकं टक्-टक् केलं. एका टकटकीला मोटरचा सूर एकदम वर चढला आणि खरखर गेली. आता बंद केल्यावर ती चांगली अर्धा मिनिट फिरत राहते. त्याच ओघात प्लॅटरचं मुख्य बेअरिंगही उघडून धुतलं. त्यात चकत्यांचा क्रम चुकू नये म्हणून प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवावा. प्लॅटर चढवला, स्ट्रोब ठेवली, आणि रेघा उभ्या राहिल्या.

वेग स्थिर झाल्यावर त्याखाली दडलेला एक आवाज ऐकू येऊ लागला, हलका 'ठक' पुन्हा पुन्हा. अशा वेळी घड्याळ हाती घ्यावं, ते दोषी भागाचं नावच सांगतं. प्लॅटरचा एक फेरा १.८ सेकंदांचा. चाक ४५ मिमीचं असल्यामुळे प्लॅटरच्या एका फेऱ्यात त्याचे ६ फेरे, म्हणजे एकाला ०.३ सेकंद. मोटर सेकंदाला २५ फेरे मारते, तिचा दोष ठक म्हणून नव्हे तर घरघर म्हणूनच ऐकू येणार. प्लॅटरच्या कडेला खडूची खूण केली आणि मोजलं, एका फेऱ्यात सहा ठक. यंत्र वर्षानुवर्षं चाक पुलीला दाबलेल्या स्थितीत पडून होतं, त्यामुळे रबरावर चपटा डाग पडला होता. चाक ड्रिलमध्ये धरून हळू वेगाने ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर फिरवलं, रबराची चकाकी जाऊन ते काळं मॅट दिसू लागलं, मग अल्कोहोलने पुसलं. ठक गेला. तेव्हापासून वापर झाला की वेगाचा खटका मधल्या स्थितीत ठेवतो, म्हणजे चाक कशालाच टेकत नाही.

उरलेली घरघर मोटरच्या त्या २५ हर्ट्झचीच होती. मोटर ज्या रबरी बुचांवर टांगलेली असते ती दगड झाली होती, म्हणून तिचा कंप थेट सांगाड्यात आणि तिथून सुईत जात होता. त्यात रेकॉर्ड बनवताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि फोनो ॲम्प्लिफायर तो परत वाढवतो, २० हर्ट्झच्या आसपास तर जवळपास १९ डेसिबलने. त्यामुळे सुईला पोचलेला बारीकसा कंपही स्पीकरमध्ये मोठा होऊन येतो. नवी मऊ बुचं घातली आणि घरघर बरीच उतरली.

डाव्या बाजूचं काम त्या मानाने सोपं निघालं. काट्रिज म्हणजे सुईच्या कंपाची वीज करणारा भाग. त्याच्या चार तारांचे रंग ठरलेले असतात, पांढरी-निळी डावी, लाल-हिरवी उजवी. काट्रिजवर डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. दोष डाव्या स्पीकरमध्येच राहिला, म्हणजे काट्रिज निर्दोष आणि बिघाड पुढच्या वायरिंगमध्ये. काट्रिज काढून ठेवून मल्टिमीटरने एकेक तार तपासली. टोनआर्मच्या, म्हणजे काट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या, बुडाशी निळी तार सोल्डरच्या डागापाशी तुटून नुसती टेकलेली होती. ही परतीची तार तुटली की आवाज जातो आणि हम येते. नवा डाग दिला, आणि सांगाड्यापासून ॲम्प्लिफायरपर्यंत अर्थची वेगळी तार ओढली.

सुई मात्र नवी घेतली. जुन्या सुईच्या दांडीला धरणारं रबरही काळाबरोबर कडक होतं, त्यामुळे न वापरलेली जुनी सुईसुद्धा भरवशाची नसते. सुईचा रेकॉर्डवरचा भार काट्याने मोजून २ ग्रॅम ठेवला, अँटीस्केट (सुईची आत ओढ सावरणारी जुळणी) त्यानुसार. सध्या दोन गाण्यांमधल्या शांत जागेत, आवाज खूप वाढवला तर, मोटरचा किंचित कंप अजून जाणवतो. थोडा वेगळ्या कडकपणाची बुचं मागवली आहेत, पुढचा प्रयोग त्यांचा.