शाल, श्रीफळ आणि मावशींची मागणी

गुरुवार, रात्री

आज महापालिकेच्या महासभेला जाऊन आले. माझं तिथे काहीच काम नव्हतं. रामकुंडाजवळ फुलांचे द्रोण विकणाऱ्या आमच्या मावशींचा सत्कार होता आणि त्यांनी कालपासून धोशा लावला होता, "ताई, तुम्ही चलाच हो बरोबर. त्या एवढ्या मोठ्या इमारतीत मला मेलीला काय कळणार?" शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात घरपट्टीच्या खिडकीपलीकडे मी तरी कुठे कधी गेलेय! पण दोघी असलं की चार जणांना विचारायला संकोच वाटत नाही.

सत्कार एकट्या मावशींचा नव्हता. आमच्या पंचवटीतले एक हवालदार होते आणि गोदेला पाणी आलं की दोर घेऊन घाटावर हजर होणारी तीन पोरं. पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की बाकीचं नाशिक मोबाइल घेऊन बघायला पळतं, ही पोरं बघ्यांना मागे ढकलायला पळतात. आज मात्र कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसली होती. त्यातला एक सारखा कॉलर ओढत होता.

महासभेची रीत मला गमतीशीर वाटली. आधी श्रद्धांजलीचे ठराव, सगळे मान खाली घालून उभे. ते संपले की लगेच अभिनंदनाचे ठराव. दोन मिनिटांपूर्वीचे लांब चेहरे टाळ्या वाजवायला लागतात. खरी विषयपत्रिका त्यानंतर, आणि तिच्यात आवाज कसा चढतो हे वेगळं सांगायला नको.

मावशींच्या अंगावर शाल घातली तेव्हा त्यांनी हात पदराखाली लपवले. झेंडूचा पिवळा रंग नखांत मुरलाय, तो घासून जात नाही. नारळ घ्यायला मात्र हात बाहेर काढावेच लागले. फोटोला इतके जण पुढे सरसावले की उद्या कुठे छापून आलाच तर मावशींपेक्षा शालच जास्त दिसेल.

ठरावात 'हरवलेल्या बालकांना पालकांच्या स्वाधीन करण्यात मोलाचे सहकार्य' असं काहीसं होतं. आता हे सहकार्य म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पर्वणी असो, एकादशी असो की नुसता रविवार, खानदेशातून, मराठवाड्यातून, गुजरातेतून गाड्या येतात आणि एखादं तरी पोर आईचा हात सोडतंच. मावशी त्याला आधी नाव विचारत नाहीत. रडणारं पोर नाव सांगत नाही म्हणतात. त्याला पाटीशेजारच्या पोत्यावर बसवतात, हातात बिस्किट देतात आणि मग विचारतात, "आईची साडी कोणत्या रंगाची रे?" हे मात्र प्रत्येक पोराला सांगता येतं. तोवर हवालदारांना फोन गेलेला असतो. ते गर्दीत हिरवी साडी शोधत निघतात, इकडे मावशी पोराला जागचं हलू देत नाहीत. शोधणारा एक आणि थांबवून धरणारी एक, एवढीच त्यांची यंत्रणा. बहुतेक वेळा चौकीपर्यंत जायची पाळीच येत नाही.

कार्यक्रमानंतर जिन्यात हवालदारांना मी सहज विचारलं, "दादा, अशी किती पोरं झाली असतील?" ते हसले. "तक्रार आली तर नोंद होते, ताई. तक्रारीच्या आधीच पोर सापडलं तर कशाची नोंद करणार?"

परत येताना रिक्षात तेच डोक्यात घोळत होतं. सिंहस्थ कुंभमेळ्यातली २७ ऑगस्ट २००३ ही तारीख अजून पंचवटीतलं जुनं माणूस विसरलेलं नाही. सरदार चौकाकडच्या उतारावर, त्या चिंचोळ्या बोळात चेंगराचेंगरी झाली आणि ३० हून जास्त माणसं गेली. त्यावर किती लिहून आलं, किती चौकश्या झाल्या. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, १८ सप्टेंबर अशा तिन्ही शाही पर्वण्या पार पडल्या, चेंगराचेंगरी झाली नाही. आणि आमच्या लक्षात काय राहिलं? बॅरिकेड! पहिल्या पर्वणीला पोलिसांनी जागोजागी इतकी नाकाबंदी केली की भाविकांना मैलोन् मैल चालावं लागलं, आम्हाला आमच्याच गल्लीत शिरता येईना. शिव्या मीही दिल्या होत्या आणि त्यातल्या काही आजही मागे घेणार नाही. बंदोबस्त अतीच होता. पण न झालेल्या गोष्टीचा सत्कार कुणी करत नाही, हेही खरंच आहे. अभिनंदनाच्या ठरावाला काहीतरी घडलेलं लागतं.

तसं बघितलं तर पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. महापालिका त्यांना ना बढती देऊ शकत, ना बदली. देऊन देऊन शालच देणार. मला ते बरंच वाटलं. हवालदारांच्या बायकोने पहिल्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत मोबाइलवर चित्रण केलं, तेवढं कुठल्या बक्षिसाच्या कागदाने झालं नसतं.

मुख्य गोष्ट राहिलीच. सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत म्हणून माइक फिरवला. पोरांनी नुसतेच हात जोडले. हवालदार "हे माझं कर्तव्यच" म्हणून बसले. मावशींनी माइक हातात घेतला आणि सरळ मागणीच केली. "पुढच्या साली कुंभ आहे. माझ्या पोत्यावर दोन पोरं मावतात, जास्तीची नाही. घाटावर पोरांना बसवायला एक सावलीची जागा द्या, अन् तिथंच भोंगा लावा. आईबापांना ऐकू गेलं पाहिजे." सभागृहात हशा पिकला, बाकं वाजली. कुणीतरी "लिहून घ्या, लिहून घ्या" म्हणालं.

लिहून घेतलं का, ते गॅलरीतून दिसलं नाही. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाही स्नान, आहे. मावशींना मी म्हटलं, आपण साधा अर्जच करू, मी लिहून देते, तुम्ही अंगठा नको, सहीच करा. त्यांना सही येते. हवालदारांना विचारून जागा कोणती मागायची ते ठरवू, म्हणजे नंतर कुणी 'तिथे अडचण होते' म्हणायला नको. रविवारी गर्दी असते, तेव्हा सोमवारी दुपारी बसायचं ठरलंय.