गोड आणि टिकणारा टोमॅटो निवडताना: माझा अनुभव

घरच्या बागेसाठी टोमॅटोचं वाण निवडताना मी आधी बियांची पाकिटं बघितलीच नाहीत, आधी मेलेलं झाड बघितलं. भर दुपारी ते मान टाकायचं, संध्याकाळी सावरायचं आणि मग एक दिवस सावरलंच नाही. उपटलं तर मुळांवर गाठीच गाठी, म्हणजे सूत्रकृमी, मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेघ वरपर्यंत गेलेली, ही फ्युजॅरियम नावाच्या बुरशीची मर, म्हणजे झाड सुकवून मारणारा रोग. ही दोन्ही बरेचदा जोडीनेच येतात कारण सूत्रकृमींनी मुळं पोखरली की बुरशीला आत शिरायला वाट मिळते. खोडाचा तुकडा ग्लासातल्या पाण्यात धरूनही बघितला, जिवाणूंची मर असेल तर त्यातून दुधासारखी धार सुटते, तशी काही सुटली नाही.

रोग कळला आणि वाण कुठल्या रोगांना दाद देत नाही हे सांगणारी बियांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं एकदम कामाची झाली. व्ही म्हणजे व्हर्टिसिलियम या दुसऱ्या बुरशीची मर, एफ म्हणजे फ्युजॅरियम, दोन एफ असतील तर त्याच्या दोन जातींना प्रतिकार, एन म्हणजे सूत्रकृमी, टी म्हणजे टोबॅको मोझॅक व्हायरस. करप्याची किंवा पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या लीफ कर्ल व्हायरसची अक्षरं वेगळी असतात. जास्त अक्षरं म्हणजे जास्त चांगलं वाण असं अजिबात नाही हं, आपल्या मातीत जो रोग आहे त्याचं अक्षर हवं, आणि मला एफ आणि एन हवे होते. बेटर बॉय या वाणाच्या पाकिटावर व्ही एफ एन असतं, सेलिब्रिटीवर व्ही एफ एफ एन टी, म्हणून वाफ्यासाठी सेलिब्रिटी घेतलं. प्रतिकारक वाणाला रोग कधीच होत नाही असंही नाही. सूत्रकृमींविरुद्धचा प्रतिकार ज्या जनुकामुळे येतो त्याचं काम माती साधारण २८ अंशांच्या वर तापली की ढिलं पडतं, म्हणून मी वाळक्या गवताचं जाड आच्छादन केलं आणि ते सगळ्यांनी करावंच असं मला मनापासून वाटतं.

आता गोडीचं. रसातली साखर साधारण ब्रिक्सवरून, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेसारख्या पदार्थांच्या टक्केवारीच्या मापावरून कळते, मोठ्या टोमॅटोत ती ४ ते ६ च्या आसपास, चांगल्या चेरी टोमॅटोत ८ च्या वर सहज जाते. साखर पानांत बनते, त्यामुळे लहान फळं आणि भरपूर पानं असलेली, वाढतच राहणारी वेल बुटक्या झाडापेक्षा सहसा गोड फळ देते. अजून एक, कच्च्या फळाचे खांदे गडद हिरवे असतील तर चांगलंच आहे, एकसारखं रंगणारं फळ मिळावं म्हणून जो गुण निवडत गेले त्याच्यामुळे फळातली साखर कमी होते हे २०१२ साली संशोधकांनी दाखवलंय. सेलिब्रिटी चवीला छान आहे पण मला हवी होती ती गोडी त्यात नाही.

गोडीसाठी मग सनगोल्ड, नारिंगी चेरी टोमॅटो, जपानमधल्या टोकिता कंपनीचं हायब्रीड. ते मोठ्या कुंडीत लावलं, माती पूर्ण नवी, वाफ्यातलं खुरपंसुद्धा त्याला लावलं नाही. पूर्ण नारिंगी होऊ दिलेलं फळ तोंडात टाकलं की आधी गोड लागतं आणि मागून हलकी आंबट चव येते, ती मागची आंबट चव नसती तर ते नुसतं साखरपाणी वाटलं असतं. साल मात्र फार पातळ, माती सुकू देऊन मग भसाभसा पाणी घातलं की फळं तडकतात, म्हणून थोडं थोडं पण नियमित पाणी. बी धरून ठेवायचं असेल तर दोन्ही वाणं सोडा, हायब्रीड असल्यामुळे पुढची झाडं तशीच निघत नाहीत.

पुढच्या हंगामात सनगोल्डचं मॅक्सिफोर्टच्या खुंटावर, म्हणजे कलमासाठी खाली मुळांना वापरतात त्या टोमॅटोच्या वाणावर, कलम करणार आहे, त्या खुंटाची मुळं मर आणि सूत्रकृमी दोन्हींना दाद देत नाहीत, मग तेही थेट वाफ्यात लावता येईल. फक्त कलमाचा जोड मातीच्या वर ठेवायचा, नाहीतर वरच्या भागालाच मुळं फुटतात आणि रोग तिथून आत शिरतो.