कोइम्बतूरचा वीकेंड, काय सांगू!

करी मोटर स्पीडवेवरून परत निघालोय, मान आणि खांदे जाम ठणकतायत पण मन भरलंय. हा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा, ज्यांनी आपल्याकडे परवडतील अशा रेस कार बनवल्या, त्यामुळे तिथं हेल्मेट चढवताना वेगळंच वाटतं. शनिवारी टायर गरमच होईनात, मग पकड कुठली मिळणार, रविवारी मात्र स्टार्ट कडक मिळाला आणि शेवटच्या लॅपला पुढच्या गाडीला अगदी चिकटून हवेचा आडोसा घेतला, सरळ पट्ट्यावर बाजूला निघालो अन् ब्रेकिंगला आत घुसलो, अहाहा! तरी पोडियम, म्हणजे पहिल्या तिनातला नंबर, हुकलंच. मार्शल मंडळींना मनापासून थँक्यू, त्या उन्हात दिवसभर झेंडे घेऊन उभं राहणं सोपं नाही राव. पुढच्या राउंडआधी ब्रेक पॅड नवे टाकायचेत.