थोरोंग ला की चो ला? फरक चार मीटरचा नाही

नेपाळमधल्या दोन खिंडी: अन्नपूर्णा भागातला थोरोंग ला ५४१६ मीटर, एव्हरेस्ट भागातला चो ला ५४२० मीटर. काठमांडूत ज्याच्याकडून आम्ही पोर्टर ठरवला, त्याने हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाला, "थोरोंग झालाय ना तुमचा? मग काय, चार मीटर जास्त." माझा मागच्या ऑक्टोबरात अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे थोरोंग ओलांडणारा ट्रेक, झाला होता, त्यामुळे मला ते पटलं. आज गुडघ्याला पट्टी बांधून हे लिहितोय, ते पुढच्या कुणाला पटू नये म्हणून.

आम्ही एव्हरेस्ट बेस कॅम्प करून लोबुचेहून चो लाच्या पूर्वेच्या झोंगला गावी आलो आणि तिथून खिंड ओलांडून पश्चिमेच्या ड्रागनागला उतरायचं ठरवलं. पोर्टर म्हणाला, घाई नाही, उजाडल्यावर निघू. साडेसहाला निघालो. पहिली चूक तीच. झोंगलाकडून चढताना आधी सोपं कुरण, मग मोठाले कातळ. कातळांवर रात्रीच्या पाण्याचा काचेसारखा पातळ बर्फ असतो, हात टेकावेच लागतात. त्यावर हिमनदी. तिथे चढ मंद आहे, मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) घातले की चालणं सुखाचं. साडेदहाला माथ्यावर पोचलो तेव्हा वाटलं, संपलं.

खरा चो ला तिथून सुरू होतो. पश्चिमेची बाजू म्हणजे उभा घसारा, सुट्या दगडांचा उतार. सह्याद्रीत घसारा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण सह्याद्रीतला दगड रात्री गोठून चिकटत नाही आणि ऊन लागलं की सुटत नाही; इथला सुटतो. आम्ही उतरायला लागलो तेव्हा वरच्या भिंतीला ऊन लागलेलं होतं. नारळाएवढा एक दगड बायको आणि पोर्टर यांच्या मधून गेला. त्यानंतर आम्ही एकेक करून उतरलो, खालचा बाजूला होईपर्यंत वरच्याने पाऊल टाकायचं नाही. एवढ्याशा उताराला अडीच तास लागले. खाली पोचल्यावर बोल्डरचं मैदान, त्यापुढे पुन्हा एक चढ, आणि त्या चढाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ड्रागनागला चार वाजले. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

म्हणून माझं ठाम म्हणणं: चो ला करायचाच असेल तर गोक्योच्या, म्हणजे ड्रागनागच्या बाजूने या. ड्रागनागहून पहाटे चारला निघालात की घसारा गोठलेला असताना, चढताना संपतो. चढताना पाय कुठे पडतोय ते दिसतं, तोलही राहतो. झोंगलाकडचे कातळ मग उतरावे लागतात, ते निसरडे आहेतच, पण तिथे डोक्यावर दगड येण्याची भीती इतकी नाही. दुसरा फायदा उंचीचा. नामचेहून डोले, माच्छेर्मो, गोक्यो असं गेलं की चढ बेताचा राहतो. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम तिथे जवळपास पाळता येतो, नामचे ते डोले एवढाच टप्पा थोडा जास्त आहे. गोक्यो री या गोक्योजवळच्या शिखरावर (५३५७ मीटर) जाऊन आलात की शरीर खिंडीसाठी तयार आहे की नाही तेही कळतं.

गोक्यो ते ड्रागनाग मध्ये न्गोझुम्पा हिमनदी आडवी येते. बर्फ दिसतच नाही, नुसती माती-दगडांची टेकाडं. वाट दरवर्षी सरकते, त्यामुळे जुना जीपीएस ट्रॅक धरून जाऊ नका. त्याच दिवशी पलीकडून आलेल्या माणसाला विचारा.

थोरोंगचं वेगळं आहे. तिथे वाट मळलेली, हात टेकायची वेळ येत नाही. वाईट असतो तो वारा. दहाच्या सुमारास असा सुटतो की माथ्यावर उभं राहवत नाही, म्हणून फेदीहून, म्हणजे खिंडीच्या पायथ्याच्या मुक्कामावरून, पहाटे चारलाच निघायचं. दुसरी शिक्षा मुक्तिनाथपर्यंतचा उतार, सलग १६०० मीटर. काठ्या नसतील तर गुडघे जातात. पण थोरोंगला सोपा समजू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये याच परिसरात अचानक आलेल्या हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. आकाश बिघडलं तर फेदीलाच थांबा. खिंडीच्या अलीकडच्या मनांग गावापर्यंत आता जीप जाते, पण जीपने थेट ३५०० मीटरवर उतरून तिसऱ्या दिवशी खिंडीकडे निघणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मनांगला दोन रात्री काढाच.

पाच हजारांवर पहिल्यांदाच जात असाल तर थोरोंग. बोल्डर आणि बर्फ दोन्हीची पायांना सवय असेल, तरच चो ला. ताजा बर्फ पडला असेल तर चो ला नाहीच, सोबत कितीही अनुभवी माणूस असो.

पैशांचं एकच सांगतो, कारण अजून डोक्यातून जात नाही. शंभर भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. एका लॉजवर रात्री खोलीचा, गरम पाण्याचा आणि फोन चार्जिंगचा भाव नेपाळी रुपयांत सांगितला, आणि सकाळी निघताना तेच आकडे भारतीय रुपयांत मागितले. अंधारात, थंडीत, पाठीवर सॅक चढवलेली असताना कोण भांडणार? दिले. हिशेब रात्रीच, जेवण झाल्या झाल्या चुकता करा, आणि नामचेच्या पुढे जायच्या आधीच पुरेशा नेपाळी नोटा घेऊन ठेवा.

आणि खिंड नको वाटली तर गोक्योहून खाली फोर्त्सेला उतरून फेरिचेमार्गे बेस कॅम्पच्या वाटेला लागता येतं. दोन दिवस जास्त लागतात. ते दोन दिवस परतीच्या तिकिटात आधीच धरून ठेवा. आम्ही धरले नव्हते, म्हणून त्या सकाळी माथ्यावरून मागे फिरायचा विचारसुद्धा करता आला नाही.