आठही दिवे लागले, तरी वेग ९४ च

घरात इंटरनेटचं कनेक्शन सेकंदाला ३०० मेगाबिटचं, आणि मागच्या खोलीत ताईचा व्हिडिओ कॉल दर पाच-दहा मिनिटांनी गोठायचा. ती दिवसभर त्याच खोलीत बसून काम करते. राउटर पुढच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, त्यातली एक काँक्रीटची. "माझा आवाज तुटतो असं सगळे सांगतात, तू बघ ना काहीतरी," असं ती एके दिवशी अगदी काकुळतीला येऊन म्हणाली आणि मी हे काम अंगावर घेतलं.

मोजमाप न करताच मी कंपनीला फोन लावला, ही माझी पहिली चूक. त्यांचा माणूस आला, त्याने राउटरला स्वतःचा लॅपटॉप केबलने जोडला आणि वेग दाखवला. २९० च्या वर. त्याचं बरोबरच होतं, दोष त्यांच्या बाजूला नव्हताच. हे मला आधीच कळू शकलं असतं. मागच्या खोलीतल्या संगणकावर दोन खिडक्या उघडायच्या, एकीतून राउटरला, म्हणजे आमच्याकडे १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीतून बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं) चालू ठेवायचं. कॉल अडकला की दोन्हीकडे बघायचं. आमच्याकडे त्या क्षणी राउटरचंच उत्तर ३ मिलिसेकंदांवरून ४०० वर जायचं, कधी यायचंच नाही. राउटरपर्यंतच रस्ता खराब असेल तर बाहेरच्या कंपनीशी भांडून उपयोग नाही. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि कोणालाही फोन करण्याआधी ती करावी असं मला मनापासून वाटतं.

मग वाय-फायकडे वळलो. आमचा राउटर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल ३ (पट्ट्यातली एक वाट) धरून बसला होता. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल व्यवहारात तीनच, १, ६ आणि ११. तीनवर बसलेला राउटर १ वाल्यांचाही गोंगाट ऐकतो आणि ६ वाल्यांचाही. ११ वर नेला, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली, थोडा फरक पडला. ५ गिगाहर्ट्झ त्या काँक्रीटच्या भिंतीपलीकडे जेमतेम पोचत होतं. एका नातेवाइकाकडून रिपीटर, म्हणजे वाय-फाय ऐकून तेच पुढे पाठवणारा डबा, आणून पाहिला, तर कॉल टिकायला लागला पण वेग निम्म्याहून खाली आला. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि तेच पुन्हा बोलायचं, म्हटल्यावर दुसरं काय होणार? रिपीटर परत केला आणि केबल टाकायचं ठरवलं.

अंतर मोजलं, वळणं धरून १८ मीटर. तांब्याच्या केबलची इथरनेटमधली, म्हणजे तारेच्या नेटवर्कमधली, मर्यादा १०० मीटर, त्यामुळे लांबीची चिंता नव्हती. एक गिगाबिटसाठी, म्हणजे १००० मेगाबिटसाठी, कॅट-५ई दर्जाची केबल पुरली असती, पण भिंतीच्या कडेने एकदाच काम करायचं म्हणून कॅट-६ घेतली. घेताना एक गोष्ट नक्की बघा: तार अस्सल तांब्याची आहे की ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. दिसायला दोन्ही सारख्याच. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते ती ॲल्युमिनियमची. तिचा रोध जास्त आणि वाकवली की ती लवकर तुटते. विजेच्या वायरींच्या पाइपातून नेटवर्कची केबल नेऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. मी ती छताच्या कडेने नेली आणि दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर जास्तीची गुंडाळी ठेवली. त्या गुंडाळीनेच पुढे मला वाचवलं.

आता क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवणं. केबलच्या आत आठ तारा. मी कुठेतरी ऐकलं होतं की रंगांचा क्रम कोणताही चालतो, फक्त दोन्ही टोकांना तोच हवा. म्हणून मला लक्षात ठेवायला सोपा तो लावला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडे अगदी तसाच. केबल तपासायचा टेस्टर लावला, १ ते ८ दिवे एकामागून एक क्रमाने लागले. मला फार बरं वाटलं.

संगणक जोडला. पोर्टचा दिवा लागायलाच काही सेकंद जास्त घेतले. वेग मोजला तर ९४. पुन्हा मोजला, ९४. राउटर बदलला, पोर्ट बदलला, तरी ९४ च. आणि कॉल मधूनच अजूनही अडखळायचा.

हा आकडा मी आता विसरणार नाही. १०० मेगाबिटच्या तारेवर माहितीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर त्याचा पत्ता-तपशील आणि मधली मोकळी जागाही जाते, ती वजा करून हाती साधारण ९४-९५ उरतात. गिगाबिटवर तेच ९४० च्या आसपास. म्हणजे वेग ९४ वर येऊन घट्ट थांबला असेल, तर इंटरनेट कमी मिळतंय असं नाही. कुठलीतरी एक जोडणी गिगाबिटऐवजी १०० वर उतरली आहे. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा, म्हणजे या जोडणीचा, वेग पाहिला, तिथे स्पष्ट १०० लिहिलेलं होतं.

माझा एक मित्र वर्षानुवर्षं हेच काम करतो. त्याला कनेक्टरचा फोटो पाठवला. त्याने तो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन केला. "अरे, तू आठ तारा मोजल्यास. आत चार जोड्या आहेत."

त्याने समजावलं ते असं. प्रत्येक रंगाची तार आपल्या पांढऱ्या जोडीदाराभोवती पीळ घालून असते. एकच संदेश जोडीतल्या दोन तारांवर उलट-सुलट जातो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजा होतो. हे तेव्हाच घडतं जेव्हा संदेशाच्या दोन्ही तारा एकाच पिळात असतात. कनेक्टरमध्ये मात्र जोड्या सरळ शेजारी-शेजारी नाहीत. १-२ ही एक, ३-६ दुसरी, ४-५ तिसरी, ७-८ चौथी. माझ्या क्रमात ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आला होता. एकाच संदेशाच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत गेल्या, आणि ४-५ चंही तेच. टेस्टर फक्त या टोकाचा १ त्या टोकाच्या १ ला पोचतो का एवढंच बघतो, तेव्हा त्याचे दिवे लागणारच. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला फक्त १-२ आणि ३-६. बरीच नेटवर्क कार्डं गिगाबिट जमत नाही असं दिसल्यावर स्वतःहून १०० वर उतरतात. दिवा उशिरा लागण्याचं कारणही तेच.

बरोबर क्रम हा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी-५६८-बी म्हणतात. कनेक्टर धरताना खटका खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल घुसते ते तोंड आपल्याकडे. मग डावीकडून पहिली जागा १ ची. पीळ सोडवायचा तो शेवटच्या १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. मी आधी तब्बल तीन-चार सेंटिमीटर सोडवला होता, कारण तसं केलं की तारा सरळ करायला सोपं जातं. आणि केबलचं बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत शिरून दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते.

आधी एकाच टोकाचा कनेक्टर कापून टाकला, तो पुन्हा वापरता येत नाही. ते टोक नव्याने केल्यावर मुद्दाम टेस्टर लावून पाहिला. दिवे १, २, ३, ६, ५, ४, ७, ८ असे लागले. चौथी आणि सहावी अदलाबदल, म्हणजे मित्राने सांगितलं ते तंतोतंत खरं. मग दुसऱ्या टोकाचाही कनेक्टर कापून तेही नव्याने केलं, दिवे क्रमात आले. संगणक जोडताच लिंक १००० दाखवायला लागली. घरातल्या दोन संगणकांमध्ये आयपर्फ-३ हा वेग मोजायचा प्रोग्राम चालवून पाहिला तर ९४१, आणि इंटरनेटवर २९० च्या पुढे.

राहिलं होतं ताईच्या फोनचं वाय-फाय. पडून असलेला जुना राउटर त्या टोकाला लावला. इथे घाईत केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या पोर्टमध्ये, गेली आणि घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार झाली. मागच्या खोलीतून पुढचा प्रिंटर सापडेना. मग जुन्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद केलं, केबल लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, पोर्टमध्ये घातली. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखेच, चॅनल मात्र १, कारण पुढचा ११ वर आहे. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, शेवटच्या उपलब्ध आवृत्तीवर नेलं आणि व्यवस्थापकाचा मूळचा पासवर्ड बदलला, जुन्या यंत्राच्या बाबतीत ते टाळू नये.

पिंगच्या त्या दोन खिडक्या मी अख्खा आठवडा चालू ठेवल्या. राउटरचं उत्तर कायम १ मिलिसेकंदाच्या आत, नेटवर्क कार्डावर खराब पाकिटांचा आकडा शून्य. केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवली आहे, तीवर लिहिलंय: टी-५६८-बी, १८ मीटर, कॅट-६.